घरातले दफ्तर आणि लिनक्स

इतिहासाच्या विद्यार्थ्यास १९९१ हे वर्ष नव्या आर्थिक धोरणामुळे परिचित असते. त्याच वर्षी २५ ऑगस्ट रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून संगणकासाठी एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर केले. तीच पुढे लिनक्स झाली. ऑक्टोबरात 'युनिकोड' या जागतिक अक्षरसंकेताची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि तीत देवनागरीचा समावेश होता. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. आज आमच्या घरातील एका जुन्या यंत्रात मात्र त्या एकत्र नांदत आहेत.

१९९२ साली टोरवाल्ड्स यांनी लिनक्सला 'जीपीएल' हा परवाना लागू केला. तो रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये घोषित केलेल्या जीएनयू प्रकल्पातून आलेला. प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, बदलावी, वाटावी. मात्र दुसऱ्यास देताना हेच अधिकार त्यालाही द्यावेत, असा त्याचा आशय आहे. अक्षरापासून दूर ठेवल्या गेलेल्या समाजाला या शेवटच्या अटीचे मोल समजावून सांगावे लागत नाही.

आता व्यवहाराचे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची विशिष्ट चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे दहा वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला, अजून धडधाकट असलेला संगणक निरुपयोगी ठरतो. तो भंगारात द्यावा का, असे पालक आम्हांस विचारतात. देऊ नये. चार जीबी मेमरीच्या यंत्रावर लिनक्स मिंटची हलकी आवृत्ती चालते. ती आधी पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. थोडा खर्च करणे शक्य असेल तर फिरत्या तबकडीची हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. यंत्राचा वेग त्याने जितका सुधारतो तितका दुसऱ्या कशाने नाही. हिशेबाची आणि छपाईची काही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. ज्यांची उपजीविका त्यांवर अवलंबून आहे त्यांनी घाई करू नये.

आम्ही वडाळ्यातील आमच्या घरी असाच एक जुना लॅपटॉप डेबियन ही लिनक्सची आवृत्ती घालून सर्व्हर म्हणून ठेवला आहे. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, म्हणून वीज गेली तरी तो लगेच बंद पडत नाही. (फुगलेली बॅटरी मात्र काढूनच टाकावी.) झाकण मिटल्यावर यंत्र झोपी जाऊ नये यासाठी एका फाइलीतील एक ओळ बदलावी लागते. पंधरा वॅट धरले तर महिन्याला सुमारे अकरा युनिट वीज लागते. त्यात जुनी छायाचित्रे आहेत, मंडळाच्या इतिवृत्तांच्या प्रती आहेत, आणि वस्तीतील वडीलधाऱ्यांच्या आठवणींची ध्वनिमुद्रणे आहेत. त्या आवाजांपैकी काही आता केवळ तेथेच ऐकू येतात. घरातील कोणत्याही फोनवर ती ऐकता येतात. बाहेरच्या इंटरनेटला मात्र आम्ही ते दार उघडलेले नाही.

या दफ्तरातील सर्वांत कठीण भाग मराठी मजकुराचा. जुन्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. टंक हरवला की उरते ती निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग. मोडी वाचणारा नसेल तर रुमालातले कागद मुके होतात, तसेच हे. युनिकोडमध्ये 'क'चा क्रमांक ०९१५, मग यंत्र कोणतेही असो. हे श्रेय लिनक्सचे एकट्याचे नव्हे. परंतु २००४ साली रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची टंकमाला मुक्त परवान्याखाली खुली केली, आणि लिनक्सवरील पडद्यांचा मजकूर मराठीत आणण्याचे चिकाटीचे काम पुण्यातील अनुवादकांनी केले. या कामाची दखल आपल्याकडे फारशी घेतली गेलेली नाही.

या कामात बारकावे किती, याचे एक उदाहरण. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन भिन्न शब्द. निवासी शाळेत दोघांचेही महत्त्व सारखेच. पण एकाचे निमंत्रण दुसऱ्यास जाऊ नये! हा डोळ्यांच्या पापणीसारखा अर्धा र मराठीची खूण आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्टसह दाबली की 'ऱ' उमटतो; त्यापुढे हलन्त आणि य दिला की 'ऱ्य' तयार. विद्यार्थ्यांना आम्ही हे पहिल्याच तासाला शिकवितो.

सर्व्हर म्हणजे सुरक्षित प्रत नव्हे. डिस्क न सांगता मरते, आणि पावसाळ्यात वडाळ्यात पाणी साचते हे येथील रहिवाशांना नवे नाही. म्हणून रोज पहाटे दोन वाजता यंत्र आपोआप सर्व नव्या फाइलींची नक्कल दुसऱ्या डिस्कवर उतरवते. तिसरी डिस्क आम्ही कल्याणला नातलगांकडे, तिसऱ्या मजल्यावरील कपाटात ठेवली आहे. पौर्णिमेला तेथे जाणे होतेच. तेव्हा ती घरी आणतो, महिन्याभराची भर घालतो आणि पुढच्या भेटीत परत नेऊन ठेवतो.