टपालपेटीची राखीव प्रत

कार्यालयीन पत्रव्यवहाराचे ई-मेल हे आज एक प्रमुख साधन आहे. ही पत्रे सर्व्हरवर साठविलेली असतात. सर्व्हर बिघडल्यास अथवा पत्रे चुकून पुसली गेल्यास ती परत मिळविण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे बॅकअप, अर्थात राखीव प्रत होय.

अनेक ठिकाणी प्रती ठेवल्या की काम भागले, असा समज आढळतो. या दृष्टीने फेब्रुवारी २०११ मधील जीमेलचा अनुभव उद्बोधक आहे. साठवण प्रणालीत केलेल्या सुधारणेतील दोषामुळे सुमारे ०.०२ टक्के ग्राहकांची पत्रे दिसेनाशी झाली. एकाहून अधिक प्रतींना या दोषाची बाधा झाली होती. चुंबकीय फितींवरील प्रती मात्र यंत्रणेपासून अलग असल्याने सुरक्षित राहिल्या, आणि त्यांवरून पत्रे परत आणण्यात आली. फितींवरून मजकूर उतरविण्यास वेळ लागल्याने ग्राहकांना प्रतीक्षा करावी लागली, एवढेच.

पुनःस्थापना करताना राखीव प्रत चालू टपालपेटीवर थेट उतरवू नये. तसे केल्यास प्रत घेतल्यानंतर आलेली पत्रे नष्ट होण्याचा संभव असतो. प्रत प्रथम स्वतंत्र जागी उतरवावी, तिची तारीख व पत्रसंख्या तपासावी आणि मगच हरवलेली पत्रे मूळ पेटीत समाविष्ट करावीत. अशी तालीम ठराविक मुदतीने होणे अगत्याचे आहे. परत उतरवून न पाहिलेल्या प्रतीवर विसंबून राहता येत नाही.