आधी नक्कल, मग संक्षेप : घरातील डीव्हीडींचे जतन



आपल्या तंजावरात जुनी मराठी दोन प्रकारे टिकली आहे. सरफोजीराजांनी १८०३ साली बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत दगडावर कोरवून घेतला. सरस्वती महाल ग्रंथालयातील ताडपत्रे आणि कागद मात्र नाजूक. पान जीर्ण होण्याआधी त्याची नक्कल उतरवावी लागे. घरी लिहिलेली डीव्हीडी ही त्या ताडपत्रासारखी आहे. तिच्यातील माहिती रंगद्रव्याच्या पातळ थरावर असते आणि ऊन, उष्णता व दमटपणा यांनी तो थर बिघडतो.

माझीच एक चूक सांगतो. वडिलांच्या निरोप परेडची दोन तासांची डीव्हीडी आमच्याकडे होती. जागा वाचवायला मी ती ७०० एमबीत बसवली आणि तबकडी टाकून दिली. आज वडील नाहीत. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर ते सलामी देताना दिसतात, पण चेहऱ्याच्या जागी नुसते चौकोनी ठिपके.

असे का झाले?

आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. प्रत्येक ठिपक्याला सरासरी दीड बाइट धरला, तर दोन तासांना सुमारे ११२ जीबी लागतील. एका थराच्या डीव्हीडीत मावतात ४.७ जीबी. म्हणजे तबकडीवरचे चित्र आधीच सुमारे २४ पट दाबलेले असते. मी ते आणखी जवळजवळ सातपट दाबले. झिप फाइल उघडली की सगळे जसेच्या तसे मिळते. व्हिडिओच्या संक्षेपात मात्र बारकावे कायमचे गाळले जातात. पुन्हा मोठी फाइल केली तरी ते परत येत नाहीत.

कामाचा क्रम

१. नक्कल. तबकडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवून नको. मग संपूर्ण तबकडीची एकच आयएसओ फाइल करा. यात काहीही गाळले जात नाही. ओरखडे असतील तर डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्राम आधी चांगला भाग वाचून घेतो आणि बिघडलेल्या भागावर नंतर पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो.

२. संक्षेप. मोबाइलवर पाहायची लहान प्रत या आयएसओवरून हँडब्रेकने काढा. एच.२६४ निवडा आणि आरएफ हा दर्जाचा आकडा १८ ते २० ठेवा. आकडा वाढला की दर्जा घटतो. परेडमधील हलत्या पायांभोवती फणीच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर डीइंटरलेस चालू करा.

३. तपासणी. आयएसओची दुसरी प्रत केल्यावर दोन्हींचा एसएचए-२५६ आकडा काढा. एक बिट जरी बदलला तरी आकडा वेगळा येतो. शिवाय व्हिडिओ सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी चालवून पाहा.

४. साठवण. प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत दुसऱ्या गावी. एक प्रत आजोळी ठेवलीत तरी चालेल.

कायद्याची मर्यादा

हे सारे आपल्या घरच्या चित्रणासाठी आहे. विकत घेतलेल्या चित्रपटांच्या डीव्हीडींना बहुधा सांकेतिक कुलूप असते. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. ती वाट धरू नका.

पालकांना विनंती

तंजावरात मोडीतील कागदांचे गठ्ठे आहेत. ते वाचणारी माणसे थोडी आहेत. डीव्हीडीचेही तसेच होऊ लागले आहे. नव्या लॅपटॉपांत बहुधा ड्राइव्ह नसतो. तबकडी शाबूत राहील, पण वाचायला यंत्र मिळणार नाही. म्हणून ड्राइव्ह असलेला जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी कपाटातील तबकड्या त्यात घालून पाहा.

सुट्टीतील स्वाध्याय

१. घरातील सर्व डीव्हीडींची यादी करा : प्रसंग, वर्ष, स्थिती.
२. सर्वांत जुन्या तबकडीची आयएसओ काढून तिचा आकडा वहीत लिहा.
३. चित्रणातील माणसांची नावे आजी-आजोबांना विचारून प्रत्येक आयएसओसोबत लिहून ठेवा. ती माहिती कोणताही प्रोग्राम काढून देणार नाही.