चॅम्पियन झालेला क्लब सव्वा वर्षात बंद का पडला? ग्रेटनाचा धडा

या आठवड्याच्या व्हिडिओत ‘पैशाचा एकच झरा’ हा विषय घेतला. त्यात ग्रेटनाचं उदाहरण घाईत झालं, म्हणून इथे ते नीट लिहितोय. वही-पेन घेऊन बसा, शेवटी गृहपाठ आहे.

गोष्ट काय आहे?

ग्रेटना हे स्कॉटलंड आणि इंग्लंडच्या सीमेवरचं छोटं गाव. लोकसंख्या तीन हजारांच्या आसपास. 2002 मध्ये इथल्या फुटबॉल क्लबला स्कॉटिश लीगमध्ये जागा मिळाली. का मिळाली? कारण एअरड्रिओनियन्स हा जुना क्लब आर्थिक अडचणीमुळे बंद पडला. गंमत बघा, त्याच हंगामात एअरड्रिओनियन्स दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये दुसरे आले होते! मैदानावर उत्तम, वहीत शून्य. ग्रेटनासाठी हा धडा दारातच टांगलेला होता.

पुढे ब्रूक्स माइलसन या श्रीमंत उद्योजकाने क्लबमध्ये भरपूर पैसा ओतला. निकालही तसेच आले. 2005 मध्ये चौथ्या दर्जाची लीग जिंकली, 2006 मध्ये तिसऱ्या दर्जाची. त्याच वर्षी स्कॉटिश कपच्या फायनलपर्यंत मजल मारली.

मग आला 2006-07 चा फर्स्ट डिव्हिजनचा, म्हणजे दुसऱ्या दर्जाचा हंगाम. 10 संघ, प्रत्येकी 36 सामने आणि वर जाणार फक्त एक. शेवटच्या दिवशी ग्रेटना रॉस काउंटीच्या मैदानावर 2-2 अशा बरोबरीत अडकले होते. तसंच राहिलं असतं तर सेंट जॉन्स्टन चॅम्पियन. पण भरपाईच्या वेळेत जेम्स ग्रेडीने गोल मारला आणि ग्रेटना 66 विरुद्ध 65, एका गुणाने जिंकले. सलग तिसरी बढती!

मग बिघडलं कुठे?

वरच्या लीगसाठी ग्रेटनाचं छोटं मैदान नियमात बसत नव्हतं. त्यामुळे ‘घरचे’ सामने शंभर किलोमीटरहून लांब, मदरवेल क्लबच्या मैदानावर. म्हणजे दुकान मोठं झालं, पण गिऱ्हाइकाच्या गल्लीतून उठून परगावी गेलं. एप्रिल 2008 मधल्या एका सामन्याला फक्त 431 प्रेक्षक होते!

त्याआधीच माइलसन यांची तब्येत बिघडली आणि पैसा थांबला. मार्च 2008 मध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि 10 गुण कापले गेले. जूनमध्ये त्यांनी लीगमधली जागाच सोडली. ऑगस्टपर्यंत कंपनीचा कारभार गुंडाळला.

इथे माइलसनना खलनायक ठरवू नका. त्यांच्याशिवाय ही झेप झालीच नसती. चूक पैसा घेण्यात नव्हती. त्या पैशावर रोजचा खर्च उभा करण्यात होती.

आपण काय शिकायचं?

1. वाढ आणि कमाई वेगळी मोजा. ऑर्डरी वाढल्या, फॉलोअर वाढले, ही झाली गुणतालिका. गल्ल्यात गिऱ्हाइकाचा पैसा किती आला, ही झाली तब्येत.

2. आधाराचा पैसा वस्तूंत घाला, पगारात नको. सासऱ्यांनी, भावाने किंवा पार्टनरने दिलेल्या पैशातून मशीन घ्या. दरमहा भाडं आणि पगार मात्र विक्रीतूनच निघायला हवेत.

3. मोठं होण्याआधी पुढच्या पायरीचा खर्च काढा. समजा, मोठी ऑर्डर मिळाली. त्यासाठी जागा, माणसं, परवाना आणि वाहतूक धरून काय उरतं? काहीच उरत नसेल, तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणायला लाजू नका.

4. एका माणसावर सगळं टांगू नका. तो माणूस कितीही चांगला असो, आजारी पडू शकतो. हे एका मोठ्या गिऱ्हाइकालाही लागू आहे.

गृहपाठ

गेल्या तीन महिन्यांत धंद्यात आलेला सगळा पैसा लिहा. समोर कुठून आला ते लिहा. आता सगळ्यात मोठ्या नावावर काट मारा. उरलेल्या पैशात भाडं, पगार आणि माल निघतो का? निघत असेल तर छान. नसेल, तर किती महिने तग धराल तो आकडा काढा. तुमच्या पुढच्या महिन्याचं पहिलं काम तेच: तो आकडा वाढवणं.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोवर वही बंद करू नका!