स्मृतिभ्रंश : घर एकटे पडू नये म्हणून

एखादी आजी जेवून उठते आणि थोड्याच वेळात शेजारणीला सांगते, "सकाळपासून मला कुणी खायला दिलं नाही." शेजारीण ते आणखी दोघींना सांगते. बोलणे फिरत फिरत सुनेच्या कानावर येते आणि तिला आळीत तोंड दाखवायची लाज वाटू लागते. आजी खोटे बोललेली नसते. जेवल्याचे तिला खरोखरच आठवत नसते. आपण याला 'म्हातारचळ' म्हणतो किंवा 'वय झालं' म्हणून सोडून देतो. डॉक्टर याला स्मृतिभ्रंश अथवा डिमेन्शिया म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. या लेखात आपण आजाराविषयी थोडे आणि त्या सुनेविषयी अधिक बोलणार आहोत.

2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळजवळ 88 लाख माणसे. अल्झायमर हा त्यातला सर्वाधिक आढळणारा प्रकार. तो पूर्ण बरा करणारे औषध अजून नाही. मात्र विसरणारा प्रत्येक वृद्ध अल्झायमरचाच रुग्ण असतो असे नाही. बी-12 जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि यांवर उपचार आहेत. जोडीदार गेल्यानंतर गप्प झालेल्या, जेवणावरची वासना उडालेल्या माणसाला नैराश्य असू शकते. कालपर्यंत ठीक असलेले आजोबा एका दिवसात असंबद्ध बोलू लागले तर लघवीचा संसर्गही कारण असू शकतो. त्यांना त्वरित डॉक्टरांकडे न्यावे. म्हणून आधी तपासणी, मग निष्कर्ष.

आता त्या सुनेकडे येऊ. आपल्या शेजारच्या गोव्यात याविषयी मोलाचे काम झाले आहे. तिथल्या एका अभ्यासाचा अहवाल 2001 साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंशाची लक्षणे लोकांना ओळखीची होती, पण तो आजार आहे असे त्यांना वाटत नव्हते. मुलांनी हेळसांड केली, माया केली नाही, म्हणून म्हाताऱ्यांची अशी अवस्था होते, असा त्यांचा समज होता. म्हणजे जी मुलगी किंवा सून रात्रंदिवस राबते, तिच्याच माथी दोष येतो! आम्हाला वाटते, हे चित्र आपल्या वसईलाही परके नाही.

त्यानंतर गोव्यातच दोन तालुक्यांतील 81 कुटुंबांना घेऊन एक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले. या घरांत जाणारे सल्लागार डॉक्टर नव्हते. ते स्थानिक भाषा जाणणारे, बारावीपर्यंत शिकलेले आणि या कामासाठी प्रशिक्षण घेतलेले लोक होते. मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्या पाठीशी होते. सहा महिने, साधारण पंधरवड्याला एकदा तरी ते घरी जात. आजार म्हणजे काय ते समजावून सांगत, आंघोळ-जेवण कसे सांभाळावे ते दाखवत, गरज पडल्यास डॉक्टरांकडे पाठवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि अशा कुटुंबांची एकमेकांशी गाठ घालून देत. परिणाम काय झाला? रुग्णांच्या क्षमतेत ठळक सुधारणा सिद्ध झाली नाही. पण सेवा करणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, त्यांच्यावरचा ताण कमी झाला. काहींना हे यश अपुरे वाटेल. आम्हाला ते फार मोठे वाटते, कारण सांभाळणाराच खचला तर रुग्णाला कोण पाहणार?

आपल्या धर्मग्रामात आजाऱ्यांना घरी पवित्र कम्युनियन देण्यात येते. म्हणजे घराघरांत जायची वाट आपल्याला ठाऊक आहे. त्याच वाटेने कुणी आठवड्यातून दोन तास जाऊन आजींजवळ बसले तर सून बँकेत जाऊ शकेल, स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात जाऊ शकेल. नुसती झोपली तरी चालेल. भेटायला गेल्यावर "मला ओळखलंत का?" अशी परीक्षा घेऊ नये. आपले नाव आपणच सांगावे. "तुमचे यजमान तर केव्हाच गेले" असे सांगून पुन्हा नव्याने दुःख देऊ नये. त्यांच्याविषयी काही विचारावे, गोष्ट पुढे न्यावी. सकाळचा नाश्ता न आठवणारी माणसे पुष्कळदा जुनी गाणी सगळी म्हणतात, रोजरीत साथ देतात. घराबाहेर निघून जाण्याची सवय लागली असेल तर खिशात फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी, नाक्यावरच्या दुकानदाराला आणि रिक्षावाल्यांना सांगून ठेवावे. वाडीतली विहीर आणि बावखल यांकडे विशेष लक्ष असावे.

बाहेरची मदतही आहे. अल्झायमर रुग्णांच्या कुटुंबांसाठी एआरडीएसआय ही संस्था 1992 साली केरळात सुरू झाली. पुढे तिच्या शाखा इतर शहरांतही निघाल्या. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. 'वेड्यांचे इस्पितळ' या नावाने आपण त्याला इतके बदनाम केले आहे की, नुसती तपासणी करायची म्हटले तरी घरचे कचरतात. खरे तर 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेत उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी 14567 हा क्रमांक आहे. मानसिक त्रासासाठी केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी टेलिमानस ही सेवा सुरू केली. तिचा क्रमांक 14416. ती विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते आणि चोवीस तास चालू असते. फोन करणारा स्वतः आजारी असायला हवा अशी अट नाही. रात्री दोन वाजता आजी दार वाजवत असताना पलीकडच्या खोलीत रडत बसलेल्या सुनेलाही तो लावता येतो.