वसतीची जागा कशी पारखावी?

मनुष्य पाण्याच्या आश्रयाने वसती करतो; परंतु तेच पाणी प्रसंगी वसतीचा घास घेते. दि. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटून पुण्यातील मुठेकाठच्या पेठा जलमय झाल्या. पुढे पूरग्रस्तांसाठी गोखलेनगरसारख्या नव्या वसाहती वसविण्यात आल्या.

मात्र केवळ नदी टाळून भागत नाही. दि. ३० जुलै २०१४ रोजी अतिवृष्टीने आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला व १५१ माणसे मृत्युमुखी पडली. जुनी वसती म्हणजे निर्धोक वसती नव्हे.

म्हणून जागा निवडताना चार गोष्टी पाहाव्यात :

१. उन्हाळ्यात विहिरीला पाणी टिकते काय?
२. पूर्वीच्या पुराचे पाणी कोठवर चढले होते?
३. डोंगरउतारावर भेगा पडल्या आहेत काय? झाडे कलली आहेत काय?
४. रस्ता बंद पडल्यास बाहेर पडण्यास दुसरी वाट आहे काय?

स्वाध्याय : मुलांनी गावाचा नकाशा काढून त्यात ओढा, उतार, विहीर, वाटा व उंचावरील सुरक्षित जागा दाखवावी. वडीलधाऱ्यांस विचारून पुराची जुनी खूणही नोंदवावी.