डार्मोक, जलाद आणि आपलं पानिपत

नाव वाचून लगेच पान उलटू नका! हा इतिहासाचा लेख नाही. हा 'स्टार ट्रेक'च्या एका एपिसोडचा अभ्यास आहे, आणि तोही अशा मुलीने केलेला, जिने मॅथ्स-थ्रीचा एवढा अभ्यास केला असता तर घरचे धन्य झाले असते. असो.

'स्टार ट्रेक' म्हटलं की आपल्या हॉस्टेलवर दोन गट पडतात. एका गटाला 'स्टार वॉर्स' आणि 'स्टार ट्रेक' एकच वाटतं. (त्यांच्याशी मी बोलत नाही.) दुसऱ्या गटाला वाटतं की त्यात सगळे पायजम्यात उभे राहून कॉम्प्युटरशी गप्पा मारतात. या दुसऱ्या गटाचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्या पायजमेवाल्यांनी पंचेचाळीस मिनिटांत कधीकधी असा एखादा प्रश्न मांडलाय की तीन दिवस डोक्यातून जात नाही. 'द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचे १९८७ ते १९९४ असे सात सीझन झाले. त्यातला पाचव्या सीझनचा दुसरा एपिसोड म्हणजे 'डार्मोक'. तो ३० सप्टेंबर १९९१ ला पहिल्यांदा दाखवला गेला. पटकथा जो मेनोस्कीची.

गोष्ट थोडक्यात अशी. टामारियन नावाचे लोक एका निर्जन ग्रहाशी येऊन थांबलेत आणि तिथून गणिताचा एक सिग्नल पाठवतायत. अर्थ उघड आहे, या, भेटू या. पृथ्वीवाल्यांची आणि त्यांची शंभर वर्षांत सात वेळा गाठ पडलेली आहे. भांडण कधीच झालं नाही, पण बोलणंही झालं नाही. आधीच्या एका कॅप्टनने तर रिपोर्टमध्ये 'अगम्य' असा शेरा मारून फाईल बंद केलेली. आता 'एंटरप्राइज'चा कॅप्टन पिकार्ड (पॅट्रिक स्टुअर्ट) भेटायला जातो. जहाजावर 'युनिव्हर्सल ट्रान्सलेटर' आहे, कुठलीही भाषा आपोआप आपल्या भाषेत ऐकू येते. टामारियन कॅप्टन डेथॉन बोलतो आणि मशीन इमानदारीत भाषांतर करतं : टनाग्रावर डार्मोक आणि जलाद. शाका, भिंती कोसळल्या तेव्हा. टेंबा, हात पसरलेले.

शब्द सगळे कळतात. वाक्य एकही कळत नाही!

मग डेथॉन दोन खंजीर काढतो, आणि क्षणात तो आणि पिकार्ड दोघंही खालच्या ग्रहावर. टामारियन जहाज वातावरणात असं काही फील्ड उभं करतं की पिकार्डला वर ओढून घेता येऊ नये. डेथॉन एक खंजीर पिकार्डकडे टाकतो. पिकार्डला वाटतं हे द्वंद्वाचं आव्हान आहे, तो नकार देतो. खरं सांगा, तुम्हालाही तेच वाटलं असतं. जुन्या फॅन्सना तर नक्कीच. कारण मूळ मालिकेत १९६७ साली 'अरीना' नावाचा एपिसोड झाला होता. त्यात दोन जहाजांच्या कॅप्टनना एक तिसरी शक्ती ओसाड ग्रहावर टाकते आणि सांगते, लढा. त्यात कॅप्टन कर्क गंधक, सोरा आणि कोळसा गोळा करून बंदुकीची दारू बनवतो, बांबूसारख्या नळीत भरतो आणि हिऱ्यांचा मारा करतो. आपल्या जातीच्या लोकांना हा एपिसोड फार आवडतो, कारण त्यात केमिस्ट्री पास होते.

'डार्मोक' म्हणजे त्याच गणिताची उलटी मांडणी. इथे ग्रहावर नेणारी तिसरी शक्ती नाही, समोरचा कॅप्टन स्वतः हे करतोय. आणि लढाई एकमेकांशी नाहीच. त्या ग्रहावर एक जनावर आहे, त्याच्याशी दोघांनी मिळून लढायचंय. डार्मोक आणि जलाद हे टामारियन दंतकथेतले दोन अनोळखी वीर. टनाग्रा बेटावर ते वेगवेगळे आले, एका संकटाशी दोघं मिळून लढले आणि बेट सोडताना एका नावेतून गेले. डेथॉनला 'आपण मित्र होऊ या' म्हणायचंय. त्याच्या भाषेत ते म्हणायला ती गोष्ट माहीत असावी लागते. पिकार्डला ती माहीत नाही. मग डेथॉन काय करतो? ती गोष्ट पुन्हा घडवून आणतो. स्वतःचा जीव पणाला लावून.

आता इथे थांबून पानिपताकडे येते.

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायचो आणि शाळेत एक विषय म्हणून होतं. हॉस्टेलला आले आणि माझी रूममेट निघाली सांगलीची. तिच्या तोंडचा प्रत्येक शब्द मला कळायचा. पण फ्लुइड मेकॅनिक्सचा पेपर देऊन ती आली आणि म्हणाली, "पानिपत झालं गं." सबमिशनच्या आदल्या रात्री दारात उभी राहून ओरडली, "काका, मला वाचवा!" एकदा मेसच्या मीटिंगचा निरोप कोणीतरी फिरवून सांगितला, तर म्हणाली, "हिने ध चा मा केला." मी मराठी मुलगी, आणि माझ्या डोक्यातला युनिव्हर्सल ट्रान्सलेटर इमानदारीत सांगत होता : हरियाणातलं एक गाव झालं. वडिलांचे भाऊ, मदत करा. एका अक्षराचं दुसरं अक्षर केलं.

बघा ना, 'ध चा मा' कळायला काय काय लागतं. १७७३ साल, शनिवारवाडा, नारायणराव पेशवे, गारदी, आणि 'धरावे'चं 'मारावे' करणाऱ्या आनंदीबाईची सांगोवांगी चालत आलेली गोष्ट. 'काका, मला वाचवा'सुद्धा त्याच दिवसातून आलेलं. 'गड आला पण सिंह गेला' म्हणायचं तर १६७० चा कोंढाणा आणि तानाजी पाहिजे. नुसतं व्याकरण घेऊन बसलात तर किल्ला चालत आला आणि जंगलातला प्राणी निघून गेला, एवढंच हाती लागतं! माझी रूममेट दिवसातून दहा वेळा टामारियन बोलते आणि तिला ते माहीतही नाही.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. पानिपताची बातमी नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळली असं सांगतात. त्यात माणसांऐवजी गळालेले मोती आणि हरवलेल्या मोहरा होत्या. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. वरवर हेही टामारियनसारखंच वाटतं, पण ती सांकेतिक भाषा झाली. संकेत असतो तो तिसऱ्याला कळू नये म्हणून. टामारियन भाषा लपवायला नाहीये. ज्याला गोष्ट माहीत आहे त्याला एका झटक्यात सगळं पोचावं म्हणून ती आहे. बाहेरचा माणूस बाहेर राहतो हा तिचा हेतू नाही, साइड इफेक्ट आहे.

आणि हा साइड इफेक्ट आपल्याकडे रोज दिसतो. गावाकडच्या मराठी माध्यमातून आलेली मुलगी फर्स्ट इयरला व्हायव्हाला उभी राहते. उत्तर तिच्याकडे असतं, इंग्लिश वाक्य नसतं. समोरून शेरा पडतो, 'काही येत नाही'. टामारियन लोकांच्या फाईलवर शंभर वर्षं जो 'अगम्य' शेरा होता, तो याच जातीचा. त्यात टामारियनांचं वर्णन काहीच नाही. लिहिणाऱ्या कॅप्टनला कळलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. माझ्यासारख्यांना हा शेरा कधी मिळत नाही, कारण आम्ही कॅप्टनच्या भाषेत शिकलो. पण त्याच मुली कॉरिडॉरमध्ये हसायला लागल्या की मी पण बाहेरच असते. तेव्हा मला कोणी 'अगम्य' म्हणत नाही. हे मला बरोबर वाटत नाही.

एपिसोडकडे परत येते. वर जहाजावर डेटा हा अँड्रॉइड आणि ट्रॉय मिळून भाषेचा उलगडा करतात. टामारियन लोक उपमांतून बोलतात हे त्यांना कळतं. ट्रॉय उदाहरण देते ते ज्युलिएट आणि तिच्या बाल्कनीचं. पण ज्युलिएट कोण हे माहीत नसेल तर बाल्कनी म्हणजे सिमेंटची बाल्कनी. म्हणजे फॉर्म्युला सापडला, व्हॅल्यूज नाहीत. खाली पिकार्डला व्हॅल्यूज मिळतात त्या मात्र थंडीत. त्याला शेकोटी पेटवता येत नाही. डेथॉन आपल्या शेकोटीतलं जळतं लाकूड त्याच्याकडे टाकतो आणि म्हणतो, टेंबा, हात पसरलेले. टेंबा म्हणजे देणं! असा एकेक शब्द, एकेक अनुभवाला बांधलेला. मातृभाषा आपण अशीच शिकलो असणार.

मग तो सीन येतो ज्यासाठी मी हा एपिसोड आपल्या कॉलेजात दाखवा म्हणेन. जनावर हल्ला करतं. दोघं दोन बाजूंनी त्याला भिडलेत, पिकार्डला नुकतीच युक्ती कळलीय. आणि नेमक्या त्याच वेळी वरचे इंजिनिअर जीव तोडून पिकार्डला ट्रान्सपोर्टरने ओढायचा प्रयत्न करतात. सिग्नल अर्धाच लागतो. पिकार्ड किरणांत अडकून पुतळ्यासारखा, डोळ्यांदेखत डेथॉन एकटा पडतो आणि जनावर त्याला फाडतं. ट्रान्सपोर्टर चालवणाऱ्यांनी एकही गोष्ट चुकीची केलेली नाही. हाताशी असलेल्या माहितीवर कोणीही तेच केलं असतं. खाली काय चाललंय हे त्यांना माहीत नव्हतं आणि थांबून समजून घ्यायला वेळ नव्हता. बाकीच्या कित्येक एपिसोड्समध्ये शेवटच्या पाच मिनिटांत कुठलासा किरण उलटा फिरवून जहाज वाचवतात. (पटकथेत अशा जागी लेखक नुसतं 'टेक' लिहून ठेवायचे आणि शास्त्रीय शब्द नंतर भरले जायचे, असं त्यांच्यातल्याच रोनाल्ड मूरने पुढे सांगितलंय!) 'डार्मोक'मध्ये तोच 'टेक' डेथॉनच्या जिवावर बेततो.

त्या रात्री मरणाच्या दारातला डेथॉन खुणेने गोष्ट मागतो. पिकार्ड त्याला गिल्गमेशची सांगतो. उरुकचा राजा गिल्गमेश आणि रानातून आलेला एन्किडू. आधी भांडले, मग मित्र झाले, आणि एन्किडू मेला. पिकार्ड तिथे अडखळतो, कारण समोर तेच घडतंय. ही मेसोपोटेमियाची गोष्ट जगातल्या सगळ्यांत जुन्या लिखित गोष्टींपैकी एक. स्पेसशिपच्या मालिकेतला सर्वांत मोठा सीन म्हणजे दोन माणसं शेकोटीशी बसून गोष्ट सांगतायत. बाकी काही नाही.

आता आक्षेप. आमच्या विंगमधली एक मेकॅनिकलवाली म्हणाली, "अशा भाषेत स्पेसशिप कसं बनवलं? ०.०५ मिलिमीटर टॉलरन्स कसा सांगतात? 'शाका, बोल्ट तुटला तेव्हा'?" प्रश्न रास्त आहे. पण पहिली गोष्ट, एपिसोडच्या सुरुवातीला त्यांनी गणिताचाच सिग्नल पाठवलाय, म्हणजे आकडे त्यांच्याकडे आहेत. दुसरी गोष्ट, इंजिनिअर टामारियन बोलत नाहीत असं कोण म्हणतं? सिव्हिलवाल्यांपुढे नुसतं 'टॅकोमा' म्हणून बघा. ७ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेतला तो पूल उद्घाटनानंतर चारच महिन्यांत वाऱ्याने पीळ खाऊन कोसळला. (पुस्तकांत 'रेझोनन्स' लिहून मोकळे होतात. खरं कारण एरोइलॅस्टिक फ्लटर.) 'चॅलेंजर' म्हटलं की २८ जानेवारी १९८६, थंडी, ओ-रिंग आणि सात माणसं. केमिकलवाल्यांना 'भोपाळ' या शब्दापुढे काही सांगावं लागत नाही. टॅकोमा, पूल पडला तेव्हा. भोपाळ, रात्रीच्या वेळी. आपली अर्धी सेफ्टी अशीच शिकवली जाते.

माझ्या मते खरी फट दुसरीकडे आहे. टामारियन लहान मूल शाकाची गोष्ट ऐकणार कुठल्या भाषेत? गोष्ट सांगायला साधी वाक्यं लागतातच ना! एपिसोडकडे याचं उत्तर नाही. माझं आपलं एक आहे. दिवाळीत दगडमातीचा किल्ला करणाऱ्या पोराला इतिहास वाचायच्या आधी माहीत असतं की महाराज वर सिंहासनावर बसतात आणि मावळे पायऱ्यांवर उभे राहतात. गोष्ट आधी हाताला येते, शब्द मागून येतात. टामारियन पोरंही तसलं काही करत असतील. मेकॅनिकलवालीला हे पटलेलं नाही.

शेवटी दोन्ही जहाजं एकमेकांवर मारा करत असताना पिकार्ड परत येतो आणि टामारियनांशी त्यांच्याच भाषेत बोलतो. त्यांच्या कोशात एक नवीन वाक्य जमा होतं : एल-अड्रेलवर पिकार्ड आणि डेथॉन. मैत्री मात्र होत नाही, फक्त युद्ध टळतं. हे मला फार आवडलं, कारण स्वस्तात मिटवलं नाही.

आणि डेथॉनचं काम करणारा पॉल विनफिल्ड! जाड मुखवट्यात चेहरा पूर्ण झाकलेला, वाट्याला आलेली वाक्यं निरर्थक, तरी त्याचं थकणं, चिडणं, आनंद सगळं आवाजातून पोचतं. बघायचाच असेल तर आधी 'अरीना' बघा, म्हणजे खंजिराच्या वेळी तुम्हीही पिकार्डबरोबर फसाल. आणि 'डार्मोक' बघताना सबटायटल्स बंद ठेवा. खाली अक्षरं दिसली की आपण शब्द वाचत बसतो आणि डेथॉनचे हात बघायचे राहून जातात.