खरिपानंतरचा बटाटा व त्याचे बेणे

पुणे जिल्ह्यातील खेड, आंबेगाव भागांत खरीप बटाटा निघताच तोच बेणे म्हणून पुन्हा लावून हिवाळ्यात दुसरे पीक घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. नुकत्याच काढलेल्या बटाट्याचे डोळे साधारणतः दोन ते अडीच महिने सुप्त असतात. असे बेणे ओल्या जमिनीत उगवण्यापूर्वीच कुजते व खर्च वाया जातो. याकरिता मागील हंगामातील, शीतगृहात राखलेले निरोगी बेणे घ्यावे. लागणीपूर्वी आठ-दहा दिवस ते सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरावे. आखूड, जाड कोंब आलेलेच बेणे ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावावे. एका सरीत ताजे व दुसरीत कोंब आलेले बेणे लावून उगवणीतील फरक शेतकऱ्यांस प्रत्यक्ष दाखवावा.